कवळीशिवाय

पडद्यावर सासूबाईंच्या तोंडात कवळी नव्हती.

सुनेनं दुसरी क्लिप उघडली, तिसरी उघडली. अकराच्या अकरा क्लिपांत सासूबाईंच्या तोंडाचं बोळकं, आणि कवळी शेजारी, बटणांच्या डब्याच्या झाकणात. फिल्मच्या वर्गातली सगळ्यांत मोठी विद्यार्थिनी ही सून, चाळिशी उलटलेली. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

सर खुर्ची ओढून शेजारी बसले. दोन क्लिपा पाहिल्या आणि त्यांना हसू आवरेना.

"अहो, तुमचं सगळं उलटं झालंय! घाबरून पहिल्यांदा बटण दोनदा दाबलंत. चालू झाला आणि लगेच बंद. तेव्हापासून तुम्ही 'ॲक्शन' म्हणालात की कॅमेरा बंद, 'कट' म्हणालात की चालू!"

म्हणजे केस काळे करून, ताठ बसून सासूबाई पुस्तकातल्यासारखं जे जे बोलल्या, ते गेलं हवेत. आणि 'कट' ऐकल्याबरोबर "हुश्श! टोचतेय मेली" म्हणत कवळी काढून, हातातलं काज पुरं करता करता सुनेला जे टोमणे मारले, जे खिदळल्या, ते मात्र सगळं राहिलं.

"सोनं आहे हे," सर म्हणाले. "हेच लावा."

"तुम्हाला काय जातंय, सर! मला त्याच घरात राहायचंय."

पण खरं कारण ते नव्हतं. नऊ वर्षं झाली कवळी बसून. रात्री दिवा मालवल्यावर ती निघायची आणि सकाळी आरशापुढे जायच्या आधी तोंडात असायची. सासऱ्यांनी त्यांना बिनकवळीचं पाहिलं नव्हतं, पोटच्या मुलानं नाही. एका सुनेसमोर तेवढी ती दिवसाउजेडी निघायची. हा मान आपल्याला कसा मिळाला हे तिला आजवर उमगलं नव्हतं. मिळाला होता एवढं खरं, आणि तीन मिनिटांच्या फिल्मपायी तो घालवणं तिच्या जिवावर आलं होतं. तीन वाजले होते. चार वाजता फिल्म दाखवायची होती, आणि सासूबाई स्वतः बघायला येणार होत्या.

"मग नुसते हात घ्या," सर म्हणाले.

तिनं हात घेतले. सुई, दोरा, काजाचे टाके, अंगठ्यावरचा घट्टा. चेहरा आला की काप. बोबडा आवाज आला की पूस. कात्रीची कचकच तेवढी ठेवली. अभ्यासाचा विषय होता 'घरातलं माणूस आणि त्याचं काम'. चाराला पाच कमी असताना काम उरलं होतं, माणूस गेलं होतं.

सासूबाई आल्या त्या कडक इस्त्रीच्या कपड्यांत. पहिल्या रांगेत बसल्या आणि वळून वर्गातल्या वीसच्या वीस पोरांकडे बत्तीस दात दाखवून हसल्या. दिवे गेले. पडद्यावर तीन मिनिटं हात चालले. दिवे आले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी वाजवल्या नाहीत.

"आणि मी कुठाय?"

"अहो आई, तुमचेच हात आहेत ना."

"ते दिसतंय मला! हात बघायला एवढी नटून आले होय मी? अर्धा दिवस बसले तुझ्यापुढे. इतकं वाईट आहे का गं माझं तोंड?"

शेवटचं वाक्य त्या हळूच म्हणाल्या.  सुनेनं त्यांच्या कानाशी लागून सगळं सांगून टाकलं, बटणापासून झाकणापर्यंत.

सासूबाईंचा हात आपसूक तोंडावर गेला. "कुणी पाहिलं?"

"मी. आणि सरांनी."

"हसले?"

"हसले. पण सोनं आहे म्हणाले."

सासूबाईंनी सरांकडे पाहिलं. सर छताकडे बघत होते.

"लाव."

"काय?"

"ते सोनं. मी तरी बघते."

"या सगळ्यांसमोर?"

"तीस वर्षं लोकांचे फाटके कपडे बघतेय मी," सासूबाई म्हणाल्या. "बघू देत त्यांनाही. लाव."

पुन्हा दिवे गेले. पडद्यावरच्या बाईनं कवळी झाकणात टाकली, सुई उजेडाकडे धरली आणि एका झटक्यात दोरा ओवला. "बघ! तुला चष्मा, मला नाही!" असं म्हणून ती जी हसली, ती खांदे गदगदेपर्यंत. सगळा वर्ग तिच्याबरोबर हसला. सुनेचं पडद्याकडे लक्षच नव्हतं. ती सासूबाईंकडे बघत होती.

सासूबाई हसत नव्हत्या. त्या खुर्चीत पुढे सरकल्या होत्या. तोंडावरचा हात कधीच खाली आला होता.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "ही तर माझी आई."

त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

"अश्शी हसायची. डोळे मिटून. एक फोटो नाही गं तिचा. जाऊन चाळीस वर्षं झाली, चेहराच आठवेना झाला होता मला."

पडद्यावर सुनेचा आवाज आला, "आई, चला, पुढचा घेऊया." त्या बाईनं हसू आवरलं आणि झाकणाकडे हात नेला.

"थांबव गं!" सासूबाई घाईनं म्हणाल्या. "कवळी घालेल ती आता. थांबव तिला."

सुनेनं बटण दाबलं. या वेळी एकदाच.