बाटलीवरचं गाव

परवापासून नळाला थेंब नव्हता. पंपावरचा काशिनाथ म्हणाला, "शेवंतावहिनी, शहरात आपल्या गावाची सरबताची बाटली खपली तरच आपला नळ सुटतो. पण हल्ली गिऱ्हाईक पलीकडच्या वाडीची बाटली उचलतंय. तिथले हाल बघवत नाहीत म्हणे."

शहरातल्या दुकानात प्रत्येक बाटलीवर एकेका गावाचं नळकोंडाळं जसंच्या तसं, हलतंबोलतं दिसायचं. ज्याची कीव येईल त्याची बाटली लोक घ्यायचे.

शेवंताची गोजरी तापाने फणफणली होती. ओठ फुटले होते, तरी नळावर बसवलेल्या कॅमेऱ्याच्या लाल दिव्याकडे बघून ती हसत होती.

"हसू नको गं बाय," शेवंता काकुळतीला आली. "रड थोडं."

पोरगी आणखीच खुदकली. शेवंताने डोळे मिटले आणि तिच्या दंडाला करकचून चिमटा काढला. गोजरीने टाहो फोडला.

थोड्याच वेळात नळ खळखळला. शेवंताने ओंजळ पोरीच्या तोंडाशी धरली. ती घटाघट प्यायली आणि निवली. तिचं रडं थांबलं, तशी नळाची धारही बारीक झाली.

रांगेतल्या यमुनाबाईने रिकामा हंडा खाली ठेवला आणि कडेवरचं लेकरू घेऊन ती कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.