आण्णांचा काढा

आण्णा गावचे वैद्य. मन खचलेल्या माणसांना ते ब्राह्मीचा काढा देत, आणि त्यासाठी पार करमाळ्याहून लोक येत. पण त्यांची लेक पूनम सासरहून आली ती बोलेना, जेवेना. दोन महिने आण्णांनी ओळखीची सगळी औषधं करून पाहिली. तीही निमूट प्यायली. शेवटी हरून त्यांनी तिला सोलापूरला मानसोपचार डॉक्टरांकडं नेलं.

"असं कधीपासून वाटतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"दहावीपासून," पूनम म्हणाली.

आण्णा हादरले. "आगं, मग मला का न्हाय सांगितलंस?"

पूनम खाली बघतच बोलली, "रोज दारात माणसं बसलेली असायची, आण्णा. वैद्याचीच पोरगी बरी न्हाय म्हणल्यावर तुमच्याकडं कोण आलं असतं?"