येतो, बसतो, तोंड उघडतो

शीलाच्या मुठीतला फासा घामानं ओला झाला होता. वीस बाजूंचा फासा. अठराच्या वर पडलं तर केराक्का वाचणार, नाहीतर जळणार. आणि केराक्का जळली की गाव जळालं, नऊ वर्षांचा खेळ संपला. राजशेखर सरांनी खेळ मांडतानाच सांगून ठेवलं होतं: गावाला वाचवायला माणसं चौदा, पंधरावं मिळणार नाही. केराक्का शेवटची उरलेली, चौदावी होती.

खेळ तसा साधा. सर गोष्ट सांगतात, बाकीचे आपापलं पात्र होऊन उत्तर देतात, जमलं की फसलं ते फासा ठरवतो. लातुरात असलं काही खेळणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी, आणि त्यातली तिघं दर रविवारी दुपारी शीलाच्या घरी सतरंजीवर बसलेली. सर कॉलेजात भूगोल शिकवायचे. भागवतचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. शीला रेणापूरला दवाखान्यात नर्स.

मेलेल्या तेरा पात्रांचे कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होते. भागवतचा अर्ध्याबुवा त्यातच. हा जादूगार मंत्राचा शेवटचा शब्द हमखास विसरायचा, त्यामुळं त्याच्यापुढं दारं अर्धीच उघडायची. शीलाची सुगंधा चोरटी कुठल्याही भिंतीवर सरसर चढायची, उतरायला मात्र शिडी मागायची. त्यांचा विषय निघाला की दोघं सख्ख्या नातेवाइकांसारखे हळवे व्हायचे. तेराच्या तेरा जणांना एकाच ड्रॅगननं जाळलं होतं.

केराक्का तेवढी सात वर्षं टिकली होती. एका पायानं लंगडी, हातात भाला, जिभेला धार. शीलाला ती नुसती आवडत नव्हती, लागत होती. दवाखान्यात कोणी अंगावर ओरडलं की शीला मनात विचारायची, केराक्का काय म्हणाली असती? आणि तेच बोलून टाकायची. पूर्वी मान खाली घालून रडणाऱ्या शीलाला तिच्यामुळं वाचा फुटली होती. आज ती गेली तर सोमवारी ड्यूटीवर कोण जाणार, हेच शीलाला कळेना.

"एकदा परत सांगा, सर," भागवत म्हणाला.

सरांनी तेच सांगितलं. नऊ वर्षांत त्यांनी यातला एक शब्द बदलला नव्हता. "ड्रॅगन डोंगरावरनं वेशीपाशी येतो. बसतो. तोंड उघडतो."

"टाक भाला, शीला! घशात! आग यायच्या आत टाक!" भागवत ओरडला.

शीलानं मूठ उचलली.

"थांब गं जरा."

खिडकीपाशी नागाबाई तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. शीलाच्या सासूबाई. या खेळाला त्या पोरखेळ म्हणायच्या आणि एकही रविवार चुकवायच्या नाहीत. डाळीतून मान वर न करता त्या म्हणाल्या, "इतक्या येळा आलंय बिचारं. दाराशी आलेल्याला कुनी पानी तरी इचारलं का?"

भागवत खो खो हसला. "मावशी, पाव्हना न्हाई त्यो. आग वकतोय!"

"कवा वकतोय? आदी, का तुमी भाला मारल्यावर?"

भागवतनं सरांकडं पाहिलं. शीलानंही पाहिलं. सरांच्या हातातलं पेन केव्हाच थांबलं होतं.

"आधी कधीच न्हाई," सर म्हणाले.

शीलानं मूठ उघडली. तिनं फासा सतरंजीवर ठेवला.

"केराक्का भाला खाली ठेवते," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "पाठीवरची पखाल सोडते. लंगडत लंगडत त्याच्या तोंडापाशी जाते. आन म्हणते, पाणी घेता का?"

मग सवयीनं तिचा हात फाशाकडं गेला. सरांनी त्यावर तळवा ठेवला.

"याला फासा लागत न्हाई."

आणि ते सांगू लागले. ड्रॅगननं मान खाली केली, पार मातीला टेकवली. त्याची जीभ उन्हाळ्यातल्या तळ्यासारखी भेगाळलेली होती. पखालीत पाणी ते कितीसं, पण तो थेंब थेंब प्यायला. मग त्यानं पंख पसरले, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या गावावर सावली पडली. नागाबाईंचं सूप मांडीवर तसंच राहिलं होतं.

सरांनी वहीचं पहिलं पान उघडून पुढं केलं. दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यातली तारीख होती. खाली एकच ओळ: तो तहानलेला आहे.

"सर, नऊ वर्षं!" भागवत कळवळून म्हणाला. "आवो, सांगायचं तरी. आमच्यापाशी पाणी असतं तर दिलं नसतं व्हय आमी?"

सरांनी बिस्किटांचा डबा त्याच्याकडं सरकवला.

भागवतनं अर्ध्याबुवाचा कागद काढला. मग सुगंधाचा. मग एकेक करत तेराही सतरंजीवर मांडले. प्रत्येक कागदावर 'सोबतचं सामान' लिहायची जागा होती, आणि दोरी, सुरी, मशाल यांच्याही आधी, प्रत्येकावर, भागवत-शीलाच्याच अक्षरात पहिली ओळ होती: पाण्याची पखाल, भरलेली.