अकरावा माणूस

२००६ साली जीपच्या सीट बुकिंगचं सॉफ्टवेअर तपासायचं काम माझ्याकडे आलं. मी ऐटीत जीपच्या अवस्थांचं मॉडेल बनवलं: रिकामी, भरत आलेली, भरलेली, सुटलेली. त्यावरून कॉम्प्युटरनेच हजारो टेस्ट तयार केल्या आणि सॉफ्टवेअर सगळ्यांत पास झालं.

संध्याकाळी कल्याणहून मुरबाडला जीपने घरी येताना साहेबांचा फोन आला. "गोजर, उद्या क्लायंटला द्यायचंय. दहा सीट भरल्यावर अकरावा चढला तर?"

"चढूच शकत नाही, सर! मॉडेलमध्ये तशी सोयच ठेवली नाही!"

"अरे, ओरडतोस कशाला?"

 

तेवढ्यात आतल्या तेरा जणांच्या गर्दीतून ड्रायव्हर काळूराम गरजला, "ए मागच्या, फोन ठेव नि शिडी नीट धर रे! फाट्यावर अजून दोघं चढायची हायेत."