निघालेय, बाबा

ती फ्लॅट विकायची. वेबसाइटवर चौकशी आली की ऑफिसातलं यंत्र क्षणात फोन लावायचं, पाठोपाठ मेसेज धाडायचं. आवाज तिचाच, रेकॉर्ड केलेला. गिऱ्हाइकाच्या घरी मात्र तिलाच जावं लागे.

आज नव्या चौकशीत वडिलांचा नंबर पाहून तिला हसू आलं. तिने ऑफिसातूनच फोन लावला.

"बाबा, फ्लॅट घेताय की काय?"

"चुकून बटण दाबलं गं. पण लगेच तुझा फोन आला. किती वेळ बोललीस."

यंत्राला तीनच वाक्यं येत होती.

"काय बोलले मी?"

"लहानपणी तळ्यात बुडता बुडता वाचलीस, ते सगळं. मग मेसेज आला, निघालेय म्हणून. ही बेल तूच वाजवलीस ना?"

"बाबा, दार उघडू नका."

कडी सरकल्याचा आवाज आला. मागोमाग तिचाच आवाज, "बाबा, फोनवर कोण आहे?"