पिवळ्या रेघा

गाडी गॅरेजमधल्या लिफ्टवर चढेपर्यंत मिस्त्री गिऱ्हाइकाच्या एकाही प्रश्नाला उत्तर देत नसत. दातांच्या डॉक्टरांना हे ठाऊक नव्हतं. आठवड्यापूर्वी त्यांनी ही जुनी स्पोर्ट्स सेडान घेतली होती आणि फोनमध्ये एकोणीस प्रश्न लिहून आणले होते. तेल कुठलं घालायचं, सकाळी सुरू करताना टिकटिक का होते, सायलेन्सर बदलला तर आवाज भारदस्त येईल का, चिप बसवली तर ताकद किती वाढेल. गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा तर त्यांनी विकत घेऊन डिकीत टाकल्याही होत्या. मिस्त्री नुसते हं हं करत होते.

त्यांचा उजवा हात खिशात होता. गेले दोन महिने तो बहुतेक खिशातच असायचा, कारण बाहेर काढला की थरथरायचा. लेकीला त्यांनी चष्म्याचा नंबर वाढल्याचं सांगितलं होतं आणि नाजूक कामं हळूहळू तिच्याकडे सरकवली होती. ही गाडी शेवटची, मग हत्यारांच्या कपाटाची किल्ली तिच्या हवाली करून मोकळं व्हायचं, हे आज सकाळी दाढी करताना पक्कं झालं होतं.

लेकीने गाडी वर घेतली, पोटाखालचं प्लास्टिकचं झाकण उतरवलं, दिवा धरला आणि गप्प झाली. तिची बडबड अशी मध्येच थांबत नसे, म्हणून मिस्त्री पुढे झाले.

वर प्रत्येक बोल्टवर एक पिवळी रेघ होती. बोल्ट हवा तेवढा आवळून झाला की त्याच्या डोक्यापासून शेजारच्या धातूपर्यंत रंगाची बारीक रेघ ओढायची. पुढे कधी बोल्ट सैल झाला, तर रेघ तुटलेली दिसते. काम शिकताना हे सगळेच शिकतात आणि गिऱ्हाईक डोक्यावर येऊन बसलं की सगळेच विसरतात. मिस्त्रीसुद्धा. इथे मात्र एकही बोल्ट रेघेवाचून सुटला नव्हता, एकही रेघ तुटली नव्हती. पाइपांवर ते बदलल्याच्या तारखा मुंगीएवढ्या अक्षरांत होत्या. ज्या सांदीत आरसा घातल्याशिवाय काही दिसत नाही, तिथे लेकीने आरसा घातला. तिथेही रेघ होती.

चौतीस वर्षं मिस्त्री गाड्यांच्या पोटाखाली उभे होते, पण असं पोट त्यांनी पाहिलं नव्हतं.

कंपनीतूनच असं येतं का, असं डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," मिस्त्री म्हणाले. "हे कुणीतरी एकट्याने केलंय. कुणाला दाखवायला नाही."

तेव्हा डॉक्टरांना गाडी विकणारा म्हातारा आठवला. किमतीबद्दल तो फारसं बोललाच नव्हता. तेल वेळेवर बदलाल ना, एवढंच दोनदा विचारलं होतं. डॉक्टरांनी हो म्हटलं होतं, त्यांचे पेशंट रात्री दात घासण्याबद्दल म्हणतात तसंच.

लेकीने दिवा इंजिनच्या तळाशी नेला, तेल सोडायच्या बोल्टपाशी. तिथे एक नाही, पंचवीस-तीस रेघा होत्या. दर वेळी तेल बदललं, बोल्ट पुन्हा आवळला आणि तो जिथे थांबला तिथे नवी रेघ ओढली. जुन्या रेघा फिकट झाल्या होत्या, पण पट्टीने आखल्यासारख्या सरळ. मग कुठेतरी एक किंचित वाकली होती. पुढची जास्त. सगळ्यात ताजी रेघ तर अक्षर गिरवायला शिकणाऱ्या मुलाने ओढावी तशी, हेलकावे खात कशीबशी पलीकडे पोचली होती.

डॉक्टरांनी मान वर करून एकेका रेघेकडे बोट नेलं.

"त्या म्हाताऱ्याचा हात थरथरायला लागला होता," ते हळूच म्हणाले. "ही बघा, इथपासून."

मिस्त्रींच्या खिशात मूठ वळली.

"पाना लाव," ते लेकीला म्हणाले.

ठरलेला जोर भरला की टक् असा आवाज करणारा लांब पाना तिने बोल्टावर बसवला आणि रेटला. टक्. वेडीवाकडी रेघ केसभरही हलली नाही. मिस्त्रींनी तिला पुन्हा रेटायला लावलं. पुन्हा टक्.

स्प्रिंगा आजच बसवायच्या का, असं लेकीने विचारलं. त्यासाठी चारही चाकांकडचे बोल्ट सोडावे लागणार होते. डॉक्टर म्हणाले, राहू द्या डिकीत, आज फक्त तेल बदला. एकोणीस प्रश्नांचा फोन त्यांनी खिशात ठेवला होता. आवाजाचं नंतर बघू, असं मात्र पुटपुटलेच.

जुनं तेल गळून गेलं. लेकीने बोल्टाला नवा वॉशर चढवला आणि सवयीने स्वतःच साधा पाना उचलला.

"मला दे," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी हात खिशातून बाहेर काढला.

पाना बोल्टावर बसायच्या आधी दोनदा खडखडला. लेकीने त्या हाताकडे पाहिलं, मग बापाच्या चष्म्याकडे. तिने दिवा जवळ आणला. मिस्त्रींनी बोल्ट आवळला, मनगटाला पुरे वाटलं तिथे थांबले आणि रंगाचा ब्रश मागितला. त्यांची रेघ म्हाताऱ्याच्या शेवटच्या रेघेशेजारी तशीच हेलकावे खात गेली.

"आता तपास," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

लेकीने लांब पाना लावला आणि अंगातला सगळा जोर घातला.

टक्.

ओली रेघ जागच्या जागी होती.