चालू झालंय का

काळ्या पडद्यावर धनलक्ष्मीनं एकच ओळ लिहिली आणि हात मांडीवर ठेवले.

"एवढंच?" मागं उभ्या असलेल्या दानम्मानं विचारलं. तिच्या मालिकेतला इन्स्पेक्टर असल्याच काळ्या पडद्यासमोर बसायचा. हिरवी अक्षरं धो धो कोसळायची, भोंगा वाजायचा आणि जाहिराती लागायच्या आत धूसर चेहरा लख्ख व्हायचा. "त्यो कसा बडवतोय. तू बी बडव की जरा."

"तो नुसता बडवतो, अव्वा," धनलक्ष्मी आईला म्हणाली.

दानम्माच्या नवऱ्याचा, सिद्धारामचा, तो जायच्या आधीचा शेवटचा व्हिडिओ उघडत नव्हता. काढता काढता बॅटरी संपून फोन बंद पडला होता. बाकी सगळ्या व्हिडिओंत तो फोनच्या मागं. या एकदाच त्यानं फोन स्वतःकडं वळवलेला दानम्मानं स्वयंपाकघरातून पाहिला होता. चित्रं आत आहेत, लेकीनं सांगितलं होतं, पण ती कशी लावायची याची खूण फोन सगळ्यात शेवटी करतो, तीच राहिली. त्याच फोनचा एखादा धड व्हिडिओ असला तर त्यावरून ती बसवता येते.

बाकीचे जागा भरली म्हणून कधीच पुसले होते; धड असा फोनमध्ये एकच उरला होता. अक्कलकोटला देवळाबाहेर सगळ्यांना ओळीनं उभं करून सिद्धारामनं फोटोऐवजी व्हिडिओचं बटण दाबलं होतं. सगळे श्वास रोखून ताठ, आणि मागून त्याचा आवाज, हलू नका. पुसून टाका तो, काय कामाचा, असं दानम्मा कितीदा म्हणाली. त्यानं पुसला नव्हता.

आता धनलक्ष्मीच्या त्या ओळीत दोन व्हिडिओंची नावं होती. आधी तो धड, मग हा मोडका.

भोंगा वाजला नाही. चार ओळी निमूट उमटल्या आणि थांबल्या. धनलक्ष्मीनं जुळून आलेला नवा व्हिडिओ लावला.

आधी करडे चौकोन, फाटकं चित्र. मग हनुवटी. मिशी. कपाळावरची विभूती. सिद्धाराम. फोनला अगदी नाक लावून. त्यानं डोळे मिचकावले तशी दानम्माचा हात आपोआप छातीवर गेला. एका ओळीत माणूस आला होता.

"ए, चालू झालंय का बघ गं," तो म्हणाला.

व्हिडिओत आतून भांड्यांचा आवाज आला. पाठोपाठ दानम्माचाच. "न्हाय अजून. जाहिराती चालल्यात."

उभी असलेली दानम्मा पडद्याकडं वाकली. तेव्हा तिला वाटलं होतं, तो मालिकेचं विचारतोय.

सिद्धारामनं मान हलवली. अजून चालू व्हायचंय म्हणून तो फोन तसाच धरून बसला. सदऱ्याची कॉलर नीट केली. एकदा घसा साफ केला. मग समोर बघत राहिला.

"झालंय," दानम्मा पडद्याला हळूच म्हणाली. "बोला की."

आवाज वाढवायला धनलक्ष्मीनं हात पुढं केला. दानम्मानं तो धरला.

"हलू नको."

सिद्धाराम श्वास घेत होता.